पुसलेल्या कणाची कमान

चऱ्होलीतल्या एका घराच्या दिवाणखान्यात आकाशाचं एक चित्र टांगलेलं आहे. तांबूस धुरासारखा पसरलेला तेजोमेघ, आणि त्याच्या उजव्या अंगाला एक बारीक निळी कमान. ती कमान आकाशात नाही. ती मी केलेली आहे. आधी चुकून, आणि मग जाणूनबुजून. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि ज्यांच्या भिंतीवर ते चित्र आहे त्या नानांना तर नाहीच.

आज सांगायला बसलो याला कारण वैशालीचा गेल्या आठवड्यातला फोन. वैशाली म्हणजे नानांची सून. श्रावणाचा दुसरा आठवडा चाललाय. चिखलीतल्या आमच्या बाल्कनीत तीन दिवसांचे कपडे दमट होऊन लोंबतायत, समोरच्या वर्कशॉपमध्ये ग्राइंडर किंचाळतोय, आणि त्या आवाजात ती म्हणाली, "काका, त्या चित्राला ओल धरली हो. खालच्या कोपऱ्यात बुरशीचे डाग पडलेत. फाइल पाठवा ना, गौरींच्या आधी नवं छापून घेते. नाना म्हणतात, या वेळी भिंतभर करा."

"पाठवतो," मी म्हणालो. गेल्या चार वर्षांत या चित्राबद्दल मी जे जे बोललोय ते असंच, एका शब्दात.

श्रावण आला की लोकांना सणवार आठवतात. मला दुसऱ्याच एका गावची रात्र आठवते, आणि तीही भरदिवसा. चार वर्षांपूर्वीच्या त्या श्रावणात आम्ही दोघांनी, नानांनी आणि मी, चिलीच्या वाळवंटातल्या एका दुर्बिणीवरचे तास घेतले होते. पावसाळ्यात आपलं आकाश चार महिने कुलूप लावून बसतं, आणि एरवी उघडं असलं तरी भोसरीपासून चाकणपर्यंतच्या दिव्यांनी ते पिठूळ होऊन गेलेलं. तिकडे मात्र तेव्हा हिवाळा. लांबलचक, कोरड्या रात्री. दुर्बीण तिथे, डोंगरावर. आम्ही इथे. इंटरनेटवरून सूचना द्यायच्या, अमुक ठिकाणी वळ, तमुक फिल्टर लाव, दहा मिनिटं बघत राहा. ती निमूट बघत राहायची.

तिकडची रात्र म्हणजे इकडची फर्स्ट शिफ्ट. मी सकाळी कंपनीच्या बसमध्ये चढायचो तेव्हा चिलीत अंधार मुरलेला असायचा, आणि साडेतीनला पंच करून बाहेर पडेपर्यंत तिकडे उजाडायचं. चाकणच्या आमच्या कंपनीत मी क्वालिटीला आहे. गेटवर सिक्युरिटीवाला रोज फोनच्या कॅमेऱ्यावर स्टिकर लावतो, आतलं काही टिपलं जाऊ नये म्हणून. त्या स्टिकर लावलेल्या फोनवर मी कॅन्टीनमध्ये पोहे खाता खाता पृथ्वीच्या पल्याडच्या काळोखात काढलेलं चित्र उतरताना बघत असे. शेजारचा पाटील म्हणायचा, "काय राव, भर दुपारी तारे बघताय! साहेबांनी शिव्या दिल्या की आम्हालाही दिसतात, त्याला दुर्बीण लागत नाही." सगळे हसायचे. मीही हसायचो. त्या दिवसांत मी खरंच हसायचो.

नाना माझे गुरू, हे सांगायचं राहिलंच. लातूरकडून नवा नवा आलो तेव्हा भोसरीच्या एका टूलरूममध्ये त्यांच्या हाताखाली पडलो. चऱ्होलीचे जुने शेतकरी, पण फिटर म्हणून उमर काढलेली. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या हातातला मायक्रोमीटर काढून घेतला होता. "मुठीत धरून बसू नगं, लेका. हाताची ऊब लागली का माप खोटं बोलतंय. खाली ठिव, थंड होऊ दे, मग बघ." आकाशाचा नादही त्यांनीच लावला. लहानपणी शेतात उघड्यावर झोपणाऱ्या माणसाला विंचवाची नांगी कुठून उगवते हे पुस्तकातून शिकावं लागत नाही. त्या शेतावर आता सात मजली सोसायटी आहे. नाना तिच्याकडे बोट करून नेहमी एक गोष्ट सांगायचे. भुईमूग काढायच्या दिवसांत त्यांची बायको, यमुनाबाई, एका लग्नातून थेट शेतात आली होती, आणि मातीत वाकून काम करताना तिच्या नाकातली नथ पडली. दोघांनी पंधरा दिवस माती चाळली. नथ सापडली नाही. "बी विंगच्या पार्किंगमधी, तिसऱ्या खांबापाशी," नाना म्हणायचे. "तिथंच हाय ती. वरती मोटारी उभ्या हायत." यमुनाबाई जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. दुसरी नथ त्यांनी कधी केली नाही. करू दिली नाही.

आणि नानांचे डोळे. काचबिंदू. कडा आधी जातात, मध्यभाग शेवटी. गेलेलं परत येत नाही, उरलेलं जपायचं, असं डॉक्टर सांगत, आणि उरलेलं दर महिन्याला कमी होत होतं. "आता मला दुर्बिणीची गरज न्हाई," नाना म्हणत, "सगळंच नळीतनं दिसतंय." म्हणूनच तर ते तास घेतले होते. त्यांना एक गोष्ट बघायची होती. मगेलनचा मोठा मेघ, म्हणजे आपल्या शेजारची एक छोटी आकाशगंगा. आपल्याकडून तो दिसतच नाही म्हणा, दक्षिणेच्या क्षितिजाला जेमतेम टेकतो आणि धुरळ्यात बुडतो. चिलीतून तो मार्गशीर्षाच्या सुमाराला चांगला वर येतो. "जन्मात न दिसलेली एक तरी वस्तू बघून मग डोळं मिटंनात का," असं त्यांनी मला सांगितलं होतं, आणि तासांचा मोठा वाटा त्या मेघासाठी राखून ठेवला होता. श्रावणात आम्ही नुसता हात बसवत होतो. विंचवाच्या शेपटीजवळचा एक क्षीण तेजोमेघ घेतला होता, नाव नसलेला, कॅटलॉगमधला निव्वळ एक आकडा.

असल्या मेघांचा उजेड किती कमी असतो हे सांगून पटत नाही. त्यासाठी नॅरोबँड फिल्टर लागतात. आमच्या कंपनीच्या गेटसारखंच काम. ज्याच्याकडे पास, तोच आत. हायड्रोजनचा फिल्टर हायड्रोजनच्या तांबड्या उजेडालाच आत सोडतो, ऑक्सिजनचा फिल्टर ऑक्सिजनच्या निळसर उजेडाला. बाकी चांदणं, दिवे, सगळं बाहेर. जे आत येतं ते इतकं थोडं, की दहा-दहा मिनिटांची ढीगभर चित्रं एकावर एक रचावी तेव्हा कुठे धूर दिसायला लागतो. चिकाटीचं काम. आणि स्वच्छतेचं.

श्रावणाच्या पहिल्याच आठवड्यात तिथल्या तंत्रज्ञाचा ईमेल आला. ऑक्सिजनच्या फिल्टरवर बसलेला धुळीचा कण पुसला आहे, नवे फ्लॅट वापरावेत. दोन ओळींचा. कंपनीची बस तळेगाव चौकात अडकली होती, पुढे कंटेनर, मागे कंटेनर, काचेवरून पाणी ओघळतंय. मी वाचला, मान डोलावली, आणि विसरलो.

फ्लॅट म्हणजे काय ते इथेच सांगतो, कारण माझं सगळं पाप त्यात आहे. फिल्टरवर कण बसला की प्रत्येक चित्रात त्याची पुसट सावली पडते, बांगडीसारखी गोल. ती घालवायला एका सारख्या उजळलेल्या पांढऱ्या पडद्याचा फोटो घेऊन ठेवतात, तो फ्लॅट. त्यात जिथे सावली असेल, तिथे संगणक मूळ चित्र तेवढंच उजळवतो. सावली जाते. पण कणच पुसला गेला असेल आणि तुम्ही जुनाच फ्लॅट लावलात, तर संगणक नसलेल्या डागाची दुरुस्ती करतो. जिथे काहीच नव्हतं तिथे उजेड ओततो.

त्या रविवारी चित्र तयार झालं आणि मी लॅपटॉप घेऊन चऱ्होलीला गेलो. केबल लावून दिवाणखान्यातल्या टीव्हीवर चित्र आणलं. नाना खुर्ची ओढून पडद्याला नाक लागेल इतके जवळ बसले. मान हळूहळू डावीकडून उजवीकडे नेत, नळीतून बघावं तसं, ते एकेक भाग बघत गेले. वैशाली चहा घेऊन दारात उभी. उजव्या अंगाला येऊन नाना थांबले.

"ह्ये काय हाय रं?"

मी पाहिलं. तांबूस धुरातून अर्धी बाहेर आलेली निळी कमान, उरलेली अर्धी धुरात बुडालेली. टोकाशी योगायोगाने एक पांढरा तारा. मी स्वतः ती आधी नीट पाहिली नव्हती. मला आनंदच झाला. "नाना, हे तर कुठल्याच जुन्या फोटोत नाही!"

नानांनी बोटाने टीव्हीच्या काचेवर ती कमान गिरवली, ताऱ्यापर्यंत आणून बोट थांबवलं.

"वैशू," ते म्हणाले, "सापडली बघ तुझ्या सासूची नथ. मी आपला खाली शोधतोय."

वैशाली हसली आणि लगेच स्वयंपाकघरात गेली. परत आली तेव्हा डोळे पुसून आली होती.

त्यानंतर तीन दिवसांनी, बुधवारी, आमच्या लाइनवर एका मापयंत्राचा प्रोब बदलला होता आणि जुन्या प्रोबचं करेक्शन तसंच राहून गेलं होतं. चांगले पार्ट खराब दिसत होते, खराब चांगले. मी अख्ख्या लॉटला लाल टॅग लावला आणि त्या ऑपरेटरला सगळ्यांदेखत झापलं. "वस्तू बदलली तर दुरुस्ती बदलायला नको? जुनं करेक्शन नव्या मापाला लावतोस? खोटं माप आहे हे, खोटं!" तो खाली मान घालून उभा होता. आणि माझं वाक्य माझ्याच कानात पडलं.

बसमध्ये बसून तो ईमेल शोधला. घरी जाऊन नवे फ्लॅट उतरवले, लावले. पाच मिनिटांचं काम. तांबूस धूर तसाच राहिला. कमान गेली. तिथे नुसता काळोख होता, स्वच्छ, निर्दोष. बायको म्हणाली, "अहो, चहा गार झाला. काय झालं?" मी म्हणालो, "काही नाही." हे माझं पहिलं खोटं.

उद्या सांगू, असं ठरवलं होतं. खरंच ठरवलं होतं. पण सकाळी सातलाच नानांचा फोन. रात्रभर झोपले नव्हते. "सुधीर, म्या इचार केला. मेघ ऱ्हाऊ दे. समदे तास हिच्यावर लाव."

"नाना, मार्गशीर्षात मगेलनचा मेघ—"

"आरं, त्यो काय पळून जातोय व्हय? हिला नीट बघू दे मला. डोळ्यात हाय तवर."

आता बोल, मी स्वतःला म्हणत होतो. बसचा हॉर्न वाजत होता. मी म्हणालो, "बरं."

पुढचे तीन आठवडे चिलीतली ती दुर्बीण रोज रात्री, म्हणजे आमच्या रोजच्या दिवसा, विंचवाच्या शेपटीजवळच्या रिकाम्या काळोखाकडे टक लावून बघत राहिली. मीच तिला लावली होती. रोज खरी, स्वच्छ चित्रं उतरायची, आणि रोज मी त्यांना तो जुना, बाद झालेला फ्लॅट लावायचो. पहिल्यांदा चूक होती. दुसऱ्यांदापासून कारागिरी होती. जास्त चित्रं रचली तशी कमान अधिक रेखीव झाली, धारदार, अगदी घडवल्यासारखी. आयुष्यभर लोकांच्या मालात मायक्रॉनचा फरक काढून नाकारणारा माणूस मी. दया म्हणून करतोय, असं स्वतःला सांगायचो. पण माझ्या हाताखाली कुणी असं माप दिलं असतं तर मी त्याला दया म्हटलं नसतं.

नाना फिटर होते, भोळे नव्हते. एका रविवारी त्यांनी विचारलं, "ही एकाच फिल्टरमधी का दिसती रं? लालमधी तिचा मागमूसबी न्हाई." प्रश्न बरोबर वर्मावर होता. दार उघडं करून दिल्यासारखा. मला नुसतं "ती धूळ आहे" म्हणायचं होतं. त्याऐवजी मी खुर्चीत पुढे सरकलो आणि ऑक्सिजनचे आयन, तापमान, तारकीय वारे यांवर दहा मिनिटं बोललो. त्यातलं एकेक वाक्य खरं होतं, पुस्तकातलं. नानांनी ऐकून घेतलं. "तू म्हंतोस तर आसंल," ते म्हणाले. त्यांनी मला मापं शिकवली होती, आणि माझ्या मापावर त्यांचा विश्वास होता.

मग भाद्रपद. गावच्या मंडळाने चौकात फ्लेक्स लावला. वर बाप्पा, मध्ये नगरसेवक भाऊंचा हात जोडलेला भलामोठा फोटो, खाली आमच्या दोघांचे छोटे गोल चेहरे, आणि मागे पसरलेला तो तेजोमेघ. 'चऱ्होलीची नथ आकाशात!' पावसाने फ्लेक्सचा निळा रंग जरा ओघळला होता, कमान आणखीच जाड दिसत होती. आरतीनंतर सत्कार झाला. शाल, नारळ. नारळ बायकोने दुसऱ्या दिवशी वाटपात घातला. शाल अजून कपाटात प्लॅस्टिकमध्ये आहे, मी ती एकदाही उघडलेली नाही. बायकोला वाटतं, जपून ठेवलीय.

गौरी जेवल्या त्या दिवशी नानांकडे पानाला बसलो होतो. मखराच्या मागे ते चित्र, नुकतंच कॅनव्हासवर छापून आणलेलं. दोन्ही गौरींच्या नाकात नथी, आणि त्यांच्या डोक्यावर ती तिसरी. बायका हळदीकुंकवाला येत, गौरींना नमस्कार करत, आणि वर बघून त्या कमानीलाही हात जोडत. एक म्हातारी मला म्हणाली, "यमुनीची नथ म्या बघितलीया. आश्शीच हुती. बाबा, तुझ्या हाताला यश हाय." मी पुरणपोळीवर आणखी तूप वाढून घेतलं. नाना पलीकडे बसून, मान त्या नळीच्या दिशेने वर करून, चित्राकडे बघत होते. त्यांचं ताट तसंच होतं.

तास संपले. तुळशीचं लग्न झालं, थंडी पडली, आणि मार्गशीर्ष लागला तेव्हा नानांना उजेड आणि अंधार एवढंच कळत होतं. मी पदरचे थोडे तास घेतले, मगेलनचा मेघ टिपला. त्याच्या पोटातला तो कोळ्यासारखा पसरलेला तेजोमेघ टीव्हीवर लावला. नाना टीव्हीसमोर बसले, खुर्ची न ओढता. "कसाय?" त्यांनी विचारलं. मी कोळ्याचे पाय, त्यांचे रंग सांगायला लागलो. ते हसले. "ऱ्हाऊ दे रं. माझं बघायचं ते बघून झालंय."

हे वाक्य गेली चार वर्षं माझ्याबरोबर बसमध्ये येतं.

कधी वाटतं, काय बिघडलं? एका म्हाताऱ्याला त्याच्या शेवटच्या उजेडात बायकोची नथ दिसली. कुणाचं काय गेलं? असं मी स्वतःला चांगलं पटवून देऊ शकतो, दहा मिनिटं, वाक्यं जुळवून. पण तो उजेड त्यांचा होता, आणि मोजका होता. त्यात काय बघायचं हे त्यांनी ठरवलं ते माझ्या खोट्या मापावर. खरं माहीत असतं तर त्यांनी काय निवडलं असतं? कदाचित तीच कमान निवडली असती. "असू दे, धुळीची का होईना" असंही म्हणाले असते. कदाचित शिवी दिली असती आणि मेघ बघितला असता. ते निवडणं मी त्यांच्या हातातून काढून घेतलं, आणि माझ्याच मुठीत धरून बसलो. त्यांनी पहिल्याच दिवशी जे करू नको म्हणून सांगितलं होतं, नेमकं ते. आणि अजून एक, जे लिहायला सगळ्यात जड जातंय. मी ते सगळं त्यांच्यासाठी केलं नाही. 'तू म्हंतोस तर आसंल' हे ऐकायची मला सवय लागली होती. ते गेलं असतं.

वैशालीचा फोन येऊन आज सहा दिवस झाले. बाहेर ऊन पडलंय, लगेच भुरभुर सुरू झालीय. वर्कशॉपवाल्याने ग्राइंडर बंद करून पत्र्याखाली टपरीवरचा चहा घेतलाय. माझ्या लॅपटॉपवर त्या श्रावणाची सगळी चित्रं आहेत, एकही पुसलेलं नाही. मी सकाळी बसून त्यांना नवे, योग्य फ्लॅट लावले. चार वर्षांत पहिल्यांदा. तीन आठवड्यांचा तो अस्सल उजेड एकावर एक रचला. विंचवाच्या शेपटीजवळ तांबूस धूर आहे, त्याच्या आत ऑक्सिजनचं अगदी पुसट, आकार नसलेलं निळं आहे, आणि उजव्या अंगाला काळोखात एक पांढरा तारा एकटा आहे. तेवढंच. चांगलं चित्र आहे. माझ्या हातून झालेलं सगळ्यात चांगलं, बहुतेक.

वैशाली दर रविवारी नानांना पेपरची पुरवणी वाचून दाखवते. हा लेख छापून आला तर ती तोही वाचेल, पहिल्या ओळीतच 'चऱ्होली' बघून थबकेल. तिच्या तोंडून त्यांना हे कळू नये. म्हणून तिला मघाशी फोन केला. "फाइल घेऊन मीच येतो, रविवारी. दोन आहेत."

"दोन कशाला, काका?"

"नानांना सांगतो," मी म्हणालो. मागून नानांचा आवाज आला, "कोण, सुधीर व्हय? म्हणावं जेवायलाच ये. आन् उशीर नगं करू."

भिंतीवर कुठलं लावायचं ते नाना ठरवतील. मी त्यांचं देणं लागतो ते हे: ती कमान धुळीच्या एका कणाची होती, मला ते तिसऱ्याच दिवशी कळलं होतं, आणि तरीही मी त्यांचे डोळे तिच्यावर खर्च होऊ दिले, एवढं त्यांच्यासमोर बसून, एकही पुस्तकी शब्द न वापरता सांगणं. मगेलनचा मेघही मी त्यांना देणं लागतो. तो मला कधीच फेडता येणार नाही.